शीत आणि खडा

आपल्या भाषेतल्या निम्म्या म्हणी चुलीजवळ जन्मल्या आणि तिथून उठून चावडीवर, कचेरीत, इतकेच काय पण विद्यापीठाच्या परीक्षामंडळातही जाऊन बसल्या. 'शितावरून भाताची परीक्षा' ही त्यांतलीच एक. आम्हां मास्तर मंडळींचा तर उदरनिर्वाहच तिच्यावर चालतो. वर्षभर शिकवलेल्या पुस्तकातून प्रश्न यायचे पाच, आणि त्या पाचांच्या उत्तरांवरून पोराच्या साऱ्या वर्षाचा निवाडा व्हायचा. पण या म्हणीत एक मेख आहे, आणि जिने ती प्रथम उच्चारली त्या गृहिणीला ती पक्की ठाऊक असणार. शितावरून भात शिजला की नाही ते कळते. भातात खडा आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी तांदूळ सुपात घेऊन निवडावे लागतात.

या सदरात एरवी मी शब्दांच्या कुळकथा सांगतो. यंदा दिवाळीच्या अंकात गळ्यातल्या गाठींविषयी लिहायला बसलो आहे हे पाहून कित्येक वाचक नाक मुरडतील. सणासुदीला अभद्र बोलू नये, असे आमच्या मातोश्रीही म्हणतील. पण दिवाळी अंक घरातली चार माणसे वाचतात, तो पुढच्या दिवाळीपर्यंत टीपॉयवर पडून असतो. आणि तेवढ्या काळात त्या चौघांपैकी एखाद्याच्या बोटांना, दाढी करताना किंवा वेणी घालताना, मानेत सुपारीएवढी गाठ लागणे ही काही फार दुर्मिळ गोष्ट नव्हे. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "सुई घालून पाहू." त्या सुईला काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

माझी थोरली बहीण नवेगाव बांधला असते. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, हे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. 1999 साली गोंदिया जिल्हा निराळा झाला, तोपर्यंत ते भंडाऱ्यात मोडे. गावाच्या नावातला बांध म्हणजे डोंगरांच्या कुशीतला विस्तीर्ण तलाव. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. भोवतालच्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मारुती चितमपल्लींचे वाचक हा तलाव न पाहताही ओळखतात. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची पाखरे उतरतात आणि त्याच सुमारास भाताची कापणी संपत येते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्ररात्र नाटके चालतात. भाऊबीजेला म्हणून गेलेला मामा मंडई आटोपल्याशिवाय परतायचा नाही, असा तिकडचा दंडक आहे आणि मी तो निष्ठेने पाळतो.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ताईने मुलीसाठी मी नेलेली गळसरी तिच्या गळ्यात घातली, आणि फासा लावता लावता तिचा हात थबकला. डाव्या बाजूला, हासळीच्या हाडाच्या किंचित वर, लहान लिंबाएवढी गाठ होती. भाची तेव्हा वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात. "गणपतीपासून आहे," ती म्हणाली. "दुखत नाही न मामा, म्हणून नाही सांगितलं."

दुखत नाही म्हणून नाही सांगितलं! आपल्याकडे दुखण्याला फार मान आहे. जे दुखत नाही त्याला आपण आजार म्हणायलाच तयार नसतो. वास्तविक गळ्यात येणाऱ्या दुखऱ्या गाठी बहुधा साध्या असतात. आपल्या शरीरात अशा लहानमोठ्या सुमारे 600 लसीका ग्रंथी आहेत. मानेत, काखेत, जांघेत त्या हाताला लागतात. बाकीच्या आत दडलेल्या असतात. शरीरात शिरलेल्या जंतूंना अडवणारी ही नाकी. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत गोळा येतो, त्याला आपण अवधाण म्हणतो. दात किडला, घसा धरला, डोक्यात उवांच्या खाजेने फोड झाले, की मानेतली नाकी जागी होतात. कारण गेले की दोन-चार आठवड्यांत ती पुन्हा निजतात. प्रश्न येतो तो न निजणाऱ्या गाठीचा. त्यातही जागा पाहावी लागते. जबड्याखालची गाठ पुष्कळदा निरुपद्रवी असते. हासळीवरची गाठ मात्र कोणत्याही वयात डॉक्टरांना अस्वस्थ करते. कारण छातीतली नि पोटातली दुखणी तिथवर येऊन डोके वर काढतात.

न निजणाऱ्या गाठींचे आपल्या देशातले सर्वांत जुने आणि आजही सर्वांत मोठे कारण म्हणजे क्षय. आपल्या बायाबापड्या जिला गंडमाळ म्हणत आल्या ती बहुतांशी हीच. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे. गळ्यावर जे काही सुजते ते सारे एक नव्हे, हे त्या काळीही वैद्याला जाणवत होते असा त्याचा अर्थ. इंग्लंडात हाच रोग राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होतो अशी श्रद्धा होती. पुढे इंग्रजी भाषेचा कोशकार म्हणून ज्याची कीर्ती झाली त्या सॅम्युअल जॉन्सनला, तो पोर असताना, 1712 साली ॲन राणीच्या पुढ्यात नेऊन तिचा स्पर्श करवला होता. गाठी काही गेल्या नाहीत. कोशकार मोठा झाला तो त्यांचे व्रण घेऊनच. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा या रोगाला प्रथम चेहरा मिळाला.

तर भाचीला गोंदियाला नेले आणि सुईची तपासणी झाली. मी बरोबर होतो, म्हणून पाहिलेले सांगतो. रुग्णाला बेशुद्ध करणे नाही, टाके नाहीत, उपाशी राहणे नाही. डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि इंजेक्शनचीच, पण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची बारीक सुई आत घालून तिला निरनिराळ्या दिशांनी पाच-सात वेळा मागेपुढे केले. उसाचे कांडे सोलायला लागावा तेवढाही वेळ लागला नाही. सुईच्या पोकळीत जे काही आले ते काचेच्या पट्ट्यांवर थेंबाथेंबाने उतरवून पसरले. काही पट्ट्या अल्कोहोलमध्ये बुडवल्या, काही हवेवर वाळू दिल्या. त्यांना वेगवेगळे रंग द्यायचे असतात. क्षयाच्या गाठीतून कधी कधी घट्ट दह्यासारखा पदार्थ येतो आणि तो पाहताच अनुभवी डॉक्टर मनाशी काय ते समजतात. एका पट्टीला क्षयजंतूंचा खास रंग दिला जातो. जंतू असलेच तर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. आमच्या झाडीपट्टीत हत्तीपायाचा उपद्रव आहे, त्यामुळे क्वचित एखाद्या पट्टीवर त्या रोगाचा इवलासा कृमीही वळवळीच्या मुद्रेत गोठलेला सापडतो.

ही युक्ती निघाली कुठे, याचा मी पाठपुरावा केला. ग्रेग आणि ग्रे या दोघांनी 1904 साली युगांडात, निद्रारोगाच्या रोग्यांच्या मानेतल्या गाठींत सुई घालून त्या रोगाचे जंतू शोधले. कर्करोगासाठी तिचा पद्धतशीर वापर केला तो न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी. त्यांचा निबंध 1930 चा. त्यांची सुई जरा जाड होती. ती बारीक करून या विद्येला खरी प्रतिष्ठा दिली स्वीडनच्या डॉक्टरांनी, 1950 आणि 1960 च्या दशकांत. आपल्याकडे ती रुळली त्यानंतर. गरीब देशाला ही विद्या मानवावी यात नवल नाही. एक सुई, चार काचा, दोन रंग, एक सूक्ष्मदर्शक. आणि मग पाहणाऱ्याचा डोळा. या शेवटच्या वस्तूला मात्र कुठल्याही दुकानात भाव नाही.

चौथ्या दिवशी अहवाल आला. तो भाऊजींनी ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचला. भाऊजी शाळामास्तर, आवाज खणखणीत. निरनिराळ्या वयाच्या लसीका पेशी आढळल्या, क्षयाच्या खुणा दिसल्या नाहीत, दुष्ट पेशी आढळल्या नाहीत, गाठ प्रतिक्रियात्मक वाटते, असा इंग्रजीतला मजकूर. भाऊजींनी त्याचे मराठी केले ते असे: "कॅन्सर नाही, टीबी नाही. आता काय पाहून राहिली? पेढे काढ!" ताईने देवापुढे साखर ठेवली. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: गाठ कायम राहिल्यास ती काढून तपासावी, आणि रोग्याच्या लक्षणांशी हा अहवाल ताडून पाहावा. ती ओळ भाऊजींनी वाचली नाही. अहवालाची शेवटची ओळ आपल्याकडे कुणीच वाचत नाही. ती छापखान्याच्या नावासारखी वाटते.

महिना लोटला. गाठ जशीच्या तशी. भाचीला संध्याकाळी कणकण येऊ लागली, पहाटे उशी घामाने भिजू लागली आणि वजन उतरले. एका डॉक्टरांनी सुचवले, "आपल्या भागात अशा गाठी टीबीच्याच असतात. औषधे सुरू करू, उतरली तर उतरली." भाऊजींना ते पटले होते. सहा महिन्यांचा कोर्स, औषधे सरकारातून फुकट, कापाकापी नाही. क्षय म्हटला की पूर्वी घर हादरत असे. आता क्षयच निघो अशी आपण प्रार्थना करतो, ही त्या औषधांची केवढी थोरवी!

नागपुरात आमच्या कॉलेजमागच्या गल्लीत एक निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ राहतात. चाळीस वर्षे त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोळे घातले. त्यांच्याकडे मी तो कागद घेऊन गेलो. त्यांनी कागदाकडे पाहण्याआधी मला पाच-सहा प्रश्न विचारले. वय काय? गाठ कुठे? केवढी? किती दिवसांची? दगडासारखी की रबरासारखी? घाम येतो का? मग अहवाल वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली, आणि म्हणाले, "प्राध्यापक, अहवाल बरोबर आहे. तुमच्या भाऊजींचे भाषांतर बरोबर नाही. इथे 'आढळले नाही' असे लिहिले आहे. 'नाही' असे कुठे लिहिले आहे?"

भाषेच्या माणसाला भाषेचाच मुद्दा काढून कुणी गप्प करावे, याचे मला कौतुक वाटले. घरी येताना वाटेत मला आपले जुने मीमांसक आठवले. कुमारिलभट्टांच्या परंपरेने 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे ज्ञान आपल्याला न दिसण्यातूनच होते. पण या मंडळींनी लगेच एक अट घातली: न दिसणे 'योग्य' असले पाहिजे. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात घट दिसला नाही तर घट नाही. काळोखात दिसला नाही, तर त्यावरून कशाचाच निर्णय होत नाही. सुईच्या अहवालातले 'आढळले नाही' हे उजेडातले की काळोखातले, सारा प्रश्न एवढाच आहे.

आणि ते रोगागणिक बदलते. शरीरात दुसरीकडे, समजा तोंडात किंवा स्तनात, उद्भवलेला कर्करोग मानेतल्या किंवा काखेतल्या गाठीत उतरला, तर त्याच्या पेशी तिथल्या रहिवाशांहून इतक्या निराळ्या असतात की सुईत आल्या रे आल्या की ओळखू येतात. इथे सुई बहुधा उजेडात काम करते. भाऊजींच्या शेतावरचा जुना गडी याचे उदाहरण. तिकडे खर्ऱ्याचे व्यसन फार; सुपारी, तंबाखू, चुना घोटून गालात धरायचा तो दिवसभर. या गृहस्थाच्या जबड्याखाली टणक गाठ आली. सुईने पहिल्याच फेरीत सांगितले की ही पाहुणी आहे, हिचे मूळ घर तोंडात शोधा. जिभेखाली दोन पैशांच्या नाण्याएवढे क्षत निघाले. अशा माणसाची गाठ आधी कापून पाहू नये, नंतरची मोठी शस्त्रक्रिया त्याने अवघड होते, हे त्याच हेज मार्टिनने शल्यवैद्यांना ओरडून सांगितले होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 साली, सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एका सहकारी विदुषीसह निबंध लिहिला, त्यात तंबाखूची सवय होतीच. पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. खर्ऱ्याच्या टपऱ्या वाढल्याच आहेत.

क्षयाच्या बाबतीत सुई संधिप्रकाशात असते. जंतू दिसले तर प्रश्न मिटला. पण गाठीत ते थोडे असतात आणि पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून सुईतला द्रव आता सीबीनॅट या यंत्रात घालतात. ते जंतूचा अंश त्याच्या जनुकांवरून ओळखते आणि मुख्य औषधाला जंतू दाद देणार की नाही हेही दोन तासांत सांगते. गाठीच्या द्रवासाठी या यंत्राची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली केली. तेही शंभर क्षयग्रस्त गाठींतल्या 80-85 च पकडते. भाचीच्या गाठीतून पुन्हा द्रव घेऊन ही परीक्षा झाली. काही निघाले नाही.

राहिला तो लसीका ग्रंथींचाच आपला कर्करोग, म्हणजे लिम्फोमा. इथे चोर बाहेरचा नसतो, घरातलाच असतो आणि त्याच्या अंगावर घरचेच कपडे असतात. काही प्रकारांत तर पेशी एकेकटी पाहिली तर निरागस दिसते. बिघाड असतो तो त्यांच्या मांडणीत, आणि मांडणी तर सुईत मोडूनच जाते. एखाद्या ओवीतले सारे शब्द सुटे करून टोपलीत भरून आणले, तर मी शब्द ओळखीन, पण छंद कुठून ओळखणार? हॉजकिनच्या रोगात तर निराळीच पंचाईत. त्यात रोगाच्या खऱ्या पेशी अगदी मूठभर असतात, बऱ्याचदा शंभरात एखाददुसरी. बाकी गर्दी सगळी बघ्यांची. सुईत बघे आले आणि चोर राहिला, तर अहवाल 'प्रतिक्रियात्मक' असाच येणार. हाच तो भातातला खडा.

आकड्यांची आवड असलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो. डोके आणि मान या भागांतल्या सर्व प्रकारच्या गाठींवरचे 30 अभ्यास एकत्र करून काही डॉक्टरांनी 2008 साली 3459 नमुन्यांचा हिशेब मांडला. खरोखर कर्करोग असलेल्या शंभरांपैकी सुमारे 90 जणांत सुईने तो ओळखला होता, आणि नसलेल्या शंभरांपैकी 96 जणांवर आळ घेतला नव्हता. पोस्टाच्या तिकिटावर मावेल एवढ्या नमुन्यासाठी हा निकाल उत्तमच म्हटला पाहिजे. पण यातून निसटणारे दहा कोण, हे लक्षात घ्यायला हवे. सर्दीने गाठ आलेल्या पोराच्या अहवालातला 'आढळले नाही' हा शब्द, आणि हासळीवर चार महिने गाठ, पहाटे घाम, उतरलेले वजन अशा मुलीच्या अहवालातला तोच शब्द, यांची किंमत सारखी नाही. पहिल्या मुलाच्या घरी खुशाल पेढे वाटावेत.

"गाठ संबंध काढून द्या," निवृत्त डॉक्टर म्हणाले. "आणि तोवर कुणी अंदाजाने स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका. गाठ उतरेल, पण खुणाही पुसेल." म्हणजे आता तांदूळ सुपात घ्यायचे.

इथे खरा अडसर आला तो डॉक्टरांकडून नव्हे. ताई म्हणाली, "दादा, मुलीच्या गळ्यावर वण राहील." मी तिच्याहून सात वर्षांनी लहान, पण आमचे वडील गेल्यापासून ती मला अडचणीच्या वेळी दादा म्हणते, तेव्हा समजावे की प्रकरण गंभीर आहे. पुढच्या वर्षी स्थळे पाहायची होती. गळ्यावर वण दिसला की विचारणार, काय झालं होतं? खरे सांगावे तर स्थळ गेले, खोटे सांगावे तर आयुष्यभराची धास्ती. वाचकहो, या प्रश्नाला हसू नका. टीबीची औषधे घेऊन पाहू, या सल्ल्यातली निम्मी गोडी त्यात वण नाही याचीच होती. शेजारच्या एक काकू तर आणखी पुढे गेल्या. "सुई लावली तिथूनच रोग पसरतो," असे त्यांनी जाहीर केले. हा समज घरोघरी आहे म्हणून इथेच निकालात काढतो. लसीका ग्रंथीत बारीक सुई घातल्याने रोग पसरणे ही इतकी विरळा गोष्ट आहे की तिच्या भयाने तपासणी टाळणे म्हणजे ठेच लागेल म्हणून घराला आग लागली असता बाहेर न पडणे होय.

ताईशी मी वाद घातला नाही. भाचीनेच तो मिटवला. ती म्हणाली, "आई, वण ओढणीखाली झाकता येतो. गाठ किती दिवस झाकशील?"

जानेवारीत नागपुरात गाठ काढली. तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून, त्यांवर नेहमीचे आणि खास रंग चढवून तपासले. निघाला हॉजकिनचा लिम्फोमा. लंडनच्या थॉमस हॉजकिनने 1832 साली वर्णिलेला हा रोग. 1898 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गने त्यातल्या विशिष्ट पेशी दाखवल्या, पण त्याला तो क्षयाचाच एक प्रकार वाटला. 1902 मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरणीने त्याच पेशी पाहून, हा क्षय नव्हे असे बजावले. म्हणजे आमच्या ओसरीवर जो घोळ चालला होता तो व्हिएन्नात सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला होता. फरक इतकाच की तेव्हा निदान कळूनही उपयोग नसे. आज या रोगाच्या शंभर रोग्यांतले ऐंशीहून अधिक बरे होतात, आणि वेळेवर हाती लागले तर त्याहूनही अधिक. तीन-चार महिने क्षयाच्या गोळ्यांत घालवले तर ती वेळ आपणच खर्चून बसतो. आपल्या देशात असे कितीतरी रोगी क्षयाची औषधे घेऊन मग कर्करोगाच्या दवाखान्यात पोचतात. उलटही घडते, कर्करोगाच्या धास्तीने आलेल्याला साधा क्षय निघतो आणि तो हसत परत जातो.

उपचार सोपे नव्हते. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, सहा महिने. केस गेले, तोंडाची चव गेली, परीक्षेचे एक सत्र गेले. केस आले, परीक्षाही पुढच्या खेपेस झाली. उपचार संपल्याला आता वर्ष उलटून गेले. तपासण्यांत रोगाचा मागमूस नाही. वण आहे, बोटभर लांबीचा. स्थळांचे म्हणाल तर ती म्हणते, आधी एम.एस्सी.

एक गोष्ट सांगायची राहिली. सुईच्या तपासणीच्या काचा आणि गाठीचे मेणातले ठोकळे मागून घेता येतात, हे आपल्याला ठाऊक नसते. एक्स-रे आपण गादीखाली पंचवीस वर्षे जपतो. काचांचे नावही काढीत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे तर कागदाचा उपयोग थोडा, काचांचा सगळा. ताईने आता त्या एका डब्यात घालून फडताळात ठेवल्या आहेत, कुरडयांच्या डब्याशेजारी. घरात कुणी कुरडया तळायला काढल्या की ती जातीने हजर असते.

त्या पहिल्या काचा मी निवृत्त डॉक्टरांना नेऊन दाखवल्या होत्या. त्यांनी दोन संध्याकाळी खर्चून कोपरा न् कोपरा पाहिला. एकही दुष्ट पेशी सापडली नाही. गोंदियाच्या डॉक्टरांच्या अहवालातला शब्द न् शब्द खरा होता. मग त्यांनी काढलेल्या गाठीची काच लावली. भाची सोबत होती. तिला म्हणाले, "ये, बघ, कोण होते ते." ती बराच वेळ डोळा लावून बसली. या पेशीत दोन मोठी केंद्रे शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकात एक ठळक गडद ठिपका. पुस्तकांतून तिला घुबडाच्या डोळ्यांची उपमा देतात, असे डॉक्टर सांगत होते.

"घुबड नाही काही," भाची डोळा न काढता म्हणाली. "मामा, हा आपल्या बांधावरच्या आंब्यातला पिंगळा आहे. दिवसाउजेडी असाच बसलेला असतो, आणि कोणाला दिसत नाही."